ओएई ‘पास’ आहे, तरी एनआयसीयूतून आलेल्या बाळाची बेरा का करायची?

एका आईने विचारलं आहे: बाळ ३०व्या आठवड्यात जन्मलं, वजन १३०० ग्रॅम. २६ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं, त्यातले पहिले काही दिवस व्हेंटिलेटरवर. जंतुसंसर्गाच्या संशयावरून आठवडाभर अमिकासिन हे प्रतिजैविक दिलं. कावीळ इतकी वाढली की एकदा रक्त बदलावं लागलं. घरी सोडताना कानाची ओएई ही तपासणी केली, दोन्ही कान ‘पास’ आले. आता बाळ अडीच महिन्यांचं आहे आणि बालरोगतज्ज्ञांनी बेरा (आवाज कानापासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत नीट पोचतो का, हे पाहणारी तपासणी) करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली आहे. घरातले म्हणतात, टाळी वाजवली की दचकतंय, एकदा पास झालंय, आता परत कशाला? शिवाय त्या तपासणीला झोपेचं औषध देतात म्हणे. तर करावी की नाही?

करावी. आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं न म्हणता येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत करावी. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलंय. मी तर म्हणेन, अशा बाळाची बेरा घरी सोडण्याआधीच व्हायला हवी होती. राहून गेली असेल तर आता आणखी वेळ दवडू नका.

ओएईत नेमकं काय तपासतात ते आधी सांगतो, म्हणजे घरातल्यांनाही सांगता येईल. बाळाच्या कानात मऊ टोकाचा एक छोटा प्रोब बसवतात. त्यातून बारीक टकटक आवाज आत जातो. आतल्या कानात, कॉक्लियात, केशपेशींच्या रांगा असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी ठणठणीत असतील तर आवाज पोचताच त्या आखडतात, ताणतात, आणि त्या हालचालीतून एक अतिशय क्षीण आवाज उलटा बाहेर येतो. प्रोबमधला मायक्रोफोन तो टिपतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली हा उलटा येणारा आवाज नोंदवला आणि नवजात बाळाचे कान काही मिनिटांत तपासण्याची सोय झाली. फार मोलाची तपासणी आहे ही. पण ती जे सांगते तेवढंच सांगते: कानाची नळी मोकळी आहे, मधल्या कानात पाणी नाही, बाहेरच्या केशपेशी काम करताहेत. त्यापुढच्या आतल्या केशपेशी, तिथून निघणारी श्रवणाची नस, मेंदूच्या बुंध्यातली ऐकण्याची केंद्रं यांच्याविषयी ओएई काहीच बोलत नाही. आवाज तिथवर नीट पोचतोय का, हे तिला कळतच नाही.

पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळात ही उणीव सहसा अडत नाही, कारण अशा बाळांत ऐकण्याचा दोष असलाच तर तो बहुतेक वेळा केशपेशींतच असतो आणि ओएईत दिसतो. एनआयसीयूतल्या बाळाची गोष्ट वेगळी. एक तर प्रमाणच वेगळं: सगळ्या नवजात बाळांत कायमचा श्रवणदोष साधारण हजारी १ ते ३ बाळांना असतो, तर एनआयसीयूतून येणाऱ्यांत शेकडा २ ते ४. आणि दुसरं म्हणजे, या बाळांत दोष केशपेशींच्या पलीकडे असण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणूनच एनआयसीयूत पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाची चाळणी, म्हणजे दोषाचा संशय हेरणारी पहिली तपासणी, बेराच्या तंत्रानेच करावी, एकट्या ओएईवर भागवू नये, असं अमेरिकेतल्या जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंगने २००७ साली सांगितलं आणि २०१९च्या निवेदनातही ते कायम ठेवलं.

तुमच्या बाळाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती काविळीची. व्हेंटिलेटर नाही, अमिकासिनही नाही. बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, रक्तात बहुतांशी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, तोवर ते मेंदूत शिरत नाही. सुटं राहिलेलं बिलिरुबिन मात्र शिरतं. कमी दिवसांच्या बाळात अल्ब्युमिन कमी, त्यात जंतुसंसर्ग, श्वासाचा त्रास, रक्तातली आम्लता वाढलेली, म्हणजे सुट्या बिलिरुबिनचं प्रमाण वाढायला सगळं अनुकूल. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाला जी पातळी चालून गेली असती, तीच या बाळांना बाधू शकते. आणि बिलिरुबिनला जणू ऐकण्याच्या वाटेचाच सोस आहे: श्रवणाची नस आणि मेंदूच्या बुंध्यातली तिची केंद्रं यांना ते आधी गाठतं, केशपेशींना मात्र सहसा हात लावत नाही. आता हिशेब तुम्हीच मांडा. केशपेशी शाबूत, म्हणून ओएई पास. पुढची वाट बिघडलेली, म्हणून बाळाला बोलणं समजत नाही. रक्त बदलावं लागलेल्या बाळाची फक्त ओएई करणं म्हणजे जिथे इजा होण्याचा संभव आहे ती जागा सोडून शेजारची जागा तपासणं.

या प्रकाराला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. १९९६ साली आर्नल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. यात आवाज अजिबात जात नाही असं नव्हे, तो विस्कटून जातो. शंभर माणसांनी एका ठेक्यावर टाळी दिली तर एकच खणखणीत टाळी ऐकू येते. त्याच शंभर जणांनी कणभर मागेपुढे दिली तर नुसता कालवा. नसेतल्या हजारो तंतूंनी एकाच क्षणी संदेश पाठवायचा असतो. तो ठेका चुकला की आवाज आहे हे बाळाला कळतं, पण ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक कळत नाही. अशी मुलं दारावरच्या घंटेला वळून बघतात आणि दोन वर्षांची झाली तरी बोलत नाहीत. मग ‘ऐकतंय तर खरं, बोलेल उशिरा’ म्हणत आणखी वर्ष जातं.

आता बेरा. या नावाने दोन वेगळ्या तपासण्या चालतात, त्यामुळे आपल्याला कोणती सांगितली आहे हे विचारून घ्या. पहिली चाळणीची, ऑटोमेटेड एबीआर (एबीआर हे बेराचंच दुसरं नाव). यंत्र ३५ डेसिबलची क्लिक ऐकवतं, मेंदूकडून येणारा प्रतिसाद नवजात बाळाच्या साच्याशी ताडून पाहतं आणि ‘पास’ किंवा ‘रेफर’ एवढंच सांगतं. दुसरी निदानाची, पूर्ण बेरा. त्यात वेगवेगळ्या स्वरांना, वेगवेगळ्या पातळीला, कानातून आणि हाडातून आवाज देऊन प्रत्येक कान नेमका किती ऐकतो हे श्रवणतज्ज्ञ आलेख वाचून ठरवतात. पहिलीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, दुसरीला दीड-दोन तासही लागू शकतात. बाळाची फक्त चाळणी राहिली असेल तर आधी पहिली करणं रीतसरच आहे. पण रक्त बदललेलं, अडीच महिन्यांचं बाळ माझ्यासमोर आलं तर मी सरळ पूर्ण बेरा करतो. चाळणीत पास झालं तरी या बाळाची पूर्ण तपासणी पुढे करावीच लागणार असते, आणि आत्ताचं वय तिला फार सोयीचं आहे.

सोयीचं अशासाठी की झोपेच्या औषधाची गरज नाही. तीन-चार महिन्यांपर्यंतची बाळं पोट भरलं की गाढ झोपतात आणि त्या झोपेत तपासणी निभावते. तुमचं बाळ ३०व्या आठवड्यातलं, आत्ता अडीच महिन्यांचं, म्हणजे ठरलेल्या तारखेला जेमतेम पोचलेलं. याहून चांगली वेळ मिळणार नाही. सहा महिन्यांनंतर हेच बाळ तार लावायला गेलं की हात झटकेल, आणि मग औषधाचा विचार करावा लागेल. तेव्हा ज्या भीतीने तुम्ही थांबताय, ती थांबल्यामुळेच खरी होण्याची शक्यता आहे.

त्या दिवशी असं करा. येण्याआधी तास-दोन तास बाळाला झोपू देऊ नका. वाटेत डुलकी लागू नये म्हणून कोणीतरी त्याच्याशी बोलत राहा. दूध घरून पाजून आणू नका, भुकेलं आणा. कपाळाला आणि कानांमागे तेल-क्रीम नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. आम्ही आधी कपाळ आणि कानामागची जागा हलक्या हाताने पुसून छोट्या चकत्या चिकटवतो, कानात फोमचं टोक बसवतो, आणि मग तुमच्या मांडीवरच बाळाला पाजायला सांगतो. तारा लावल्यावर पाजणं हा क्रम महत्त्वाचा, कारण झोपलेल्या बाळाचं कपाळ पुसलं की ते उठतं. सुई नाही, करंट नाही, दुखत नाही. चकत्या फक्त मेंदूकडून येणारी विद्युतलहर टिपतात, आत काही सोडत नाहीत. खोलीतले मोबाइल बंद ठेवा आणि सोबत एकच माणूस आणा.

पडद्यावर काय दिसतं तेही सांगतो. शेकडो क्लिकना मिळालेल्या प्रतिसादांची सरासरी होत होत एक लहर उभी राहते. तिच्यात पहिली, तिसरी आणि पाचवी अशी तीन शिखरं आम्ही शोधतो. पहिलं शिखर नसेचं, पुढची मेंदूच्या बुंध्यातली. मोठ्या आवाजाला पूर्ण दिवसांच्या बाळात पाचवं शिखर साधारण ७ मिलिसेकंदांच्या आसपास येतं; कमी दिवसांच्या बाळात उशिरा येतं आणि वाट पक्व होते तसतसं पुढच्या महिन्यांत अलीकडे सरकतं. म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आत ही तपासणी करण्यात अर्थ नसतो. आवाज कमी कमी करत गेलो तरी पाचवं शिखर टिकून राहिलं तर कान चांगला.

ऑडिटरी न्यूरोपथीत ही शिखरं उमटतच नाहीत किंवा फार वेडीवाकडी येतात. आलेखाच्या सुरुवातीला मात्र एक छोटी थरथर दिसते. ती केशपेशींची असते. ती ओळखायची खूण अशी: क्लिकची दिशा बदलली, म्हणजे कानाचा पडदा आत ढकलण्याऐवजी बाहेर ओढला, की ही थरथर उलटी होते. नसेचा प्रतिसाद असा उलटत नाही. मग आवाज नेणारी नळी चिमटीत दाबून धरायची. थरथर गेली तर ती खरोखर कानातली, राहिली तर यंत्राचा गोंधळ. या दोन गोष्टी न करता दिलेला अहवाल रक्त बदललेल्या बाळासाठी मी अपुरा समजतो. तुम्ही जिथे जाल तिथे जरूर विचारा, ‘दोन्ही दिशांच्या क्लिक देऊन पाहिलंत का?’ विचारायला अजिबात संकोचू नका.

टाळीबद्दल. घरातल्यांचं प्रेम मी समजू शकतो, पण टाळीवर विसंबू नका. जवळून दिलेली टाळी चांगलीच मोठी असते. मध्यम श्रवणदोष असलेलं बाळसुद्धा तिला दचकतं. त्यात हाताची हालचाल दिसते, वाऱ्याची झुळूक गालाला लागते, पाळणा हलतो. उलट, ऐकू येणारं बाळ झोपेत असलं तर ढिम्म हलत नाही. साधं बोलणं एका मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास असतं आणि त्यातले ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे हळू वर्ण त्याहून बरेच खाली. बाळ भांडं पडल्यावर दचकतं, पण ‘स’ त्याला कधी पोचलेलाच नसतो, असं सहज होऊ शकतं. हुंकार आणि ‘आ-ऊ’ यांवरही जाऊ नका. ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने तसंच गुणगुणतात. फरक पडतो तो सात ते दहा महिन्यांच्या सुमारास, जेव्हा इतर बाळं ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी माळ लावू लागतात आणि हे बाळ लावत नाही. तेव्हा लक्षात आलं तर अर्धं-पाऊण वर्ष गेलेलं असतं.

त्या अर्ध्या वर्षाचं मोल मोठं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी श्रवणदोष असलेल्या मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, आणि दोष कमी की जास्त यावर ते अवलंबून नव्हतं. त्यामुळे आम्ही एक-तीन-सहा हा नियम पाळतो: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. जिथे हे जमतंय तिथे आता एक-दोन-तीनचा प्रयत्न करा, असं २०१९चं निवेदन म्हणतं. एनआयसीयूत महिना गेलेल्या बाळाला पहिला टप्पा थोडा मागेपुढे होणारच. बाळ स्थिर नसताना, ऑक्सिजनवर असताना घाई करून काही हाती लागत नाही. पण घरी आल्यावरचे महिने मात्र कमी दिवसांचं म्हणून सवलतीत धरू नका. मान धरणं, वळणं, बसणं हे सुधारित वयाने, म्हणजे प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून धरलेल्या वयाने, मोजा; तपासणीला टाळाटाळ करायला सुधारित वयाचा आधार घेऊ नका.

समजा बेरात ‘रेफर’ आलं. रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे. या घडीला प्रतिसाद पुरेसा मिळाला नाही, पुढची तपासणी हवी, एवढंच. मधल्या कानात पाणी साठणं एनआयसीयूतल्या बाळांत नेहमीचंच असतं, कधी बाळ चुळबुळतं, कधी टोक नीट बसत नाही. पण इथे तीन गोष्टींत चूक होते आणि त्या तुम्हीच लक्षात ठेवलेल्या बऱ्या. एका कानाला रेफर आलं तरी फेरतपासणी दोन्ही कानांची करायची. बेरात रेफर आलेल्या बाळाची ओएई करून, ती पास आली म्हणून घरी पाठवायचं नाही. न्यूरोपथीचं बाळ नेमकं याच फटीतून निसटतं. आणि ‘पास होईपर्यंत’ पुन्हा पुन्हा चाळणी करत बसायचं नाही. चार-पाच वेळा केली तर एखादी नशिबाने पासही येते, आणि तोवर तीन महिने उलटतात. एकदा फेरतपासणी, तीही रेफर आली की थेट पूर्ण निदान. त्यात मधल्या कानाची टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा किती हलतो हे मोजणारी तपासणी) करतील तेव्हा ती १००० हर्ट्झच्या स्वराने व्हायला हवी. मोठ्यांसाठीचा २२६ हर्ट्झचा स्वर इतक्या लहान बाळात फसवतो.

आणि समजा दोन्ही कान पास आले. मनापासून आनंद माना, पण फाइल बंद करू नका. ‘पास’चा अर्थ त्या दिवशी, ३५ डेसिबलच्या आसपास, प्रतिसाद मिळाला. अगदी सौम्य दोष किंवा काही ठरावीक स्वरांपुरता दोष त्यातून सुटू शकतो, आणि काही दोष जन्मानंतर काही महिन्यांनी सुरू होतात. अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं कॉक्लियाच्या तळाकडून, म्हणजे उंच स्वरांच्या बाजूने, इजा करत येतात आणि आतल्या कानात बराच काळ रेंगाळतात. परिणाम औषध थांबल्यावरही दिसू शकतो. सोबत फुरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिलं असेल तर धोका वाढतो. काही घराण्यांत आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियातला एक जनुकीय बदल असतो; अशा बाळाला रक्तातली औषधाची पातळी योग्य असूनही त्याने बहिरेपण येऊ शकतं. तुमच्या माहेरी कोणाचे कान इंजेक्शनांनंतर गेले होते का, हे आठवून सांगा. ही माहिती बाळाच्या भावंडांच्याही उपयोगी पडेल. औषध मात्र चुकीचं दिलं असं मनात आणू नका. जंतुसंसर्गात जीव वाचवायला ते द्यावंच लागतं.

म्हणून तुमच्या बाळाची आत्ताची बेरा पास आली तरी नऊ महिन्यांच्या आत आणखी एक पूर्ण तपासणी ठरवा. तोपर्यंत बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवायला लागलेलं असतं, त्यामुळे खोलीत स्पीकर लावून, वळलं की चमकणारं खेळणं दाखवून, ते खरोखर काय ऐकतं हे बघता येतं. बेरा वाटेची तपासणी करते. ही तपासणी ऐकण्याची.

जोखमीच्या यादीतल्या सगळ्या गोष्टींना मी सारखं वजन देत नाही. नुसतं कमी वजन किंवा पाच-सहा दिवस एनआयसीयूत राहणं वेगळं, आणि रक्त बदलणं, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं, एक्मोवर (हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर) राहणं वेगळं. जवळच्या नात्यात लहानपणापासून कायमचा श्रवणदोष असेल, बाळाच्या कानाची पाळी किंवा नळी नीट घडलेली नसेल, टाळू फाटलेला असेल, तर एनआयसीयूशी संबंध नसतानाही ते बाळ जोखमीचंच. एक्मोवर राहिलेल्या बाळाला नऊ महिन्यांची वाट न पाहता तीन महिन्यांच्या आत पूर्ण तपासणी लागते. आणि हेही खरं, की जन्मजात श्रवणदोष असलेल्या जवळपास निम्म्या बाळांत जोखमीचं एकही कारण सापडत नाही. त्यामुळे चाळणी सगळ्यांचीच हवी; जोखमीच्या बाळांची जास्त बारकाईने आणि जास्त काळ.

यात दोन गोष्टी घड्याळावर चालतात. एक सायटोमेगॅलोव्हायरस, सीएमव्ही. गरोदरपणात आईला झालेला हा संसर्ग बहुधा तिला कळतही नाही, बाळही वरवर धडधाकट दिसतं, आणि काही बाळांचं ऐकणं जन्मतः किंवा पुढच्या काही वर्षांत हळूहळू जातं. जन्मजात संसर्ग आहे की नंतर झालेला, हे सांगणारी लाळेची किंवा लघवीची पीसीआर तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आतच करावी लागते. त्यानंतर पॉझिटिव्ह आली तरी संसर्ग पोटातला की जन्मानंतरचा, हे सांगता येत नाही, कारण तो आईच्या दुधातूनही येऊ शकतो. म्हणूनच लाळेचा नमुना पाजल्यावर किमान तासाभराने घेतात आणि पॉझिटिव्ह आला तर लघवीने पक्का करतात. चाळणीत रेफर आलेल्या बाळाची सीएमव्ही तपासणी त्या २१ दिवसांत झाली तर औषधाचा विचार करता येतो, कारण ते औषधही शक्यतो पहिल्या महिन्यातच सुरू करतात. तुमच्या बाळाच्या बाबतीत ती वेळ गेली आहे, पण एनआयसीयूत असताना ही तपासणी झाली होती का ते डिस्चार्ज कार्डात बघा. हे वाचणाऱ्या ज्या आईचं बाळ अजून एनआयसीयूत आहे, तिने डॉक्टरांना आजच विचारावं.

दुसरी गोष्ट मेंदुज्वर. बाळाला कधीही, उद्या किंवा वर्षाने, जीवाणूंमुळे मेंदुज्वर झाला तर आधीचे सगळे ‘पास’ रद्द समजा आणि बरं होताच कान तपासून घ्या. त्या आजारात कॉक्लियाच्या आत हाड भरत जाऊ शकतं. एकदा ते भरलं की कॉक्लियर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या श्रवण-उपकरणाची) तार आत सरकवणं अवघड होतं. इथे आठवडे मोजायचे असतात. तसंच पहिल्या महिन्यात बाळ पुन्हा वाढलेल्या काविळीमुळे किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गामुळे दाखल झालं तर घरी सोडण्याआधी बेरा पुन्हा करून मागा.

न्यूरोपथी निघाली तर काय, हेही विचाराल. सामान्य श्रवणदोषात बेरावरून बाळाला किती ऐकू येतं याचा अंदाज बांधून काही आठवड्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र लावता येतं आणि आम्ही लावतो. न्यूरोपथीत तो अंदाज बांधता येत नाही. आलेख सपाट असूनही बाळ बऱ्यापैकी ऐकत असू शकतं. शिवाय कमी दिवसांच्या आणि काविळीच्या काही बाळांत पहिल्या वर्ष-दीड वर्षात आलेख सुधारतो. त्यामुळे सपाट बेरा बघून लगेच इम्प्लांट ठरवायचं नाही आणि ‘सुधारेल’ म्हणत हातावर हात ठेवूनही बसायचं नाही. बेरा काही महिन्यांनी पुन्हा करायची, मान वळवू लागलं की प्रत्यक्ष ऐकणं मोजायचं, त्यानुसार यंत्र लावून बघायचं, आणि पहिल्या दिवसापासून चेहरा, हात, खुणा यांसकट बाळाशी भरपूर बोलायचं. यंत्राने बोलणं सुधारत नसेल तर पुढे इम्प्लांट, आणि श्रवणाची नस जाग्यावर असलेल्या बऱ्याच मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. नस आहे की नाही हे एमआरआयवर बघून घेतात.

एक गोष्ट डॉक्टर मंडळींसाठी, कारण हे तेही वाचतील. डिस्चार्ज कार्डावर ‘हिअरिंग नॉर्मल’ असा शेरा मारू नका. कोणती तपासणी केली, कोणत्या तारखेला, कोणत्या कानाला काय आलं आणि पुढची कधी, हे लिहा. ‘नॉर्मल’ हा एक शब्द वाचून आई-वडील निर्धास्त होतात आणि पुढच्या तपासणीला येतच नाहीत. या आईचं घरच त्याचं उदाहरण आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊनही घरात प्रश्न पडला, तो आधीच्या ‘पास’मुळे.

आता तपासणीला जाताना काय न्यायचं. डिस्चार्ज कार्ड, बिलिरुबिनच्या सगळ्या नोंदी आणि रक्त बदलल्याची तारीख, अमिकासिन किती दिवस दिलं आणि सोबत कोणती औषधं होती त्याची नोंद, ओएईचा छापील कागद. ओएईची मूळ प्रत नसेल तर एनआयसीयूकडून मागून घ्या. बेरा झाल्यावर फक्त निष्कर्षाचं पान घेऊ नका, आलेखही मागा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची असते. आणि निघण्यापूर्वी तिथेच पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्या. पास आलं तर बाळाच्या नऊ महिन्यांच्या आतली, रेफर आलं तर त्याच महिन्यातली. मधल्या काळात बाळ आवाजाला पूर्वीसारखं साद देत नाही असं तुम्हाला वाटलं, तर ती तारीख येण्याची वाट न पाहता फोन करून या. आईला आलेली ही शंका जोखमीच्या यादीत स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेली आहे आणि तिच्यासाठी नऊ महिने थांबायचं नसतं, लगेच तपासायचं असतं.